विरजणातले राखणदार

पावसाळ्याच्या तोंडावर या सदराकडे पोटाच्या विकारांविषयीची पत्रे दर वर्षीच येतात. या वेळच्या पत्रांत मात्र एकच विचारणा पुन्हा पुन्हा आली आहे. दही, ताक आणि इतर आंबवलेल्या पदार्थांतले जिवाणू आपल्याला जुलाब, गॅस्ट्रो यांसारख्या आजारांपासून वाचवतात का? त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने दिलेली आहेत.

प्रश्न : जेवणानंतर वाटीभर ताक पिणाऱ्याला हगवण लागत नाही, असे माझी आजी ठामपणे सांगत असे. आता दुकानात ‘प्रोबायोटिक’ असे लिहिलेल्या बाटल्या दिसतात आणि त्यांच्यावरही साधारण तसेच छापलेले असते. दह्यातले जिवाणू खरोखर रोगजंतूंना अडवतात का, आणि अडवत असतील तर कसे? जठरातल्या आम्लात ते मरून जात नाहीत का? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपल्या आजींच्या म्हणण्यात तथ्य आहे. फक्त ‘हगवण लागत नाही’ याऐवजी ‘लागण्याची शक्यता काहीशी कमी होते’ असे म्हणावे लागेल, आणि तेही प्रत्येक रोगजंतूच्या बाबतीत म्हणता येणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पोटाच्या राखणीचे मुख्य काम दह्यातले जिवाणू करत नसून आपल्या मोठ्या आतड्यात लहानपणापासून वस्तीला असलेले अब्जावधी जिवाणू करतात. दाट पेरलेल्या शेतात तणाला जोर धरता येत नाही, तसेच येथे घडते. बाहेरून आलेल्या जंतूला चिकटायला जागा मिळत नाही, खायला अन्न उरत नाही आणि आधीच्या वस्तीने सोडलेली आम्ले त्याला मानवत नाहीत. शिकागो विद्यापीठात मार्जरी बोनहॉफ, फिलिप मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली हे उंदरांवर दाखवले. एरवी साल्मोनेलाची बाधा होण्यासाठी उंदराच्या पोटात सुमारे एक लाख जंतू जावे लागत, परंतु स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाचा एक डोस देऊन आतड्यातली वस्ती विस्कटल्यावर दहापेक्षाही कमी जंतू पुरले. उंदीर तेच होते, जंतूही तेच होते, बदलली होती ती फक्त आतड्यातली वस्ती. या विषयात याहून बोलका प्रयोग मला ठाऊक नाही.

आता दह्याताकाकडे येऊ. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असताना मी विद्यार्थ्यांकडून दर वर्षी एक साधा प्रयोग करून घेत असे. काचेच्या बशीत आगरचा, म्हणजे जिवाणू वाढवण्यासाठीच्या जेलीसारख्या पदार्थाचा, थर ओतायचा, त्यावर ई. कोलाय जिवाणूंचा लेप द्यायचा आणि आगरला दोन भोके पाडायची. एका भोकात आंबट ताकाची गाळून घेतलेली निवळी भरायची आणि दुसऱ्या भोकात तीच निवळी, पण सोडा घालून आंबटपणा मारलेली. बशी रात्रभर ३७ अंशांवर ठेवली की सकाळी सगळ्या आगरवर जिवाणूंचा दुधट पापुद्रा धरलेला असे, मात्र पहिल्या भोकाभोवती काचेसारखे स्वच्छ कडे उमटलेले दिसे. दुसऱ्या भोकाच्या अगदी काठापर्यंत पापुद्रा आलेला असे. बशी उजेडाकडे धरून ते कडे पाहताना मुलांचे डोळे विस्फारत, आणि मग दुसऱ्या भोकाकडे पाहून कोणीतरी स्वतःहूनच म्हणे, की सर, हे काम आंबटपणाचे आहे. ते बरोबरच होते. लॅक्टिक आम्लाचे विद्युतभार नसलेले रेणू जिवाणूच्या आवरणातून आत शिरतात, आत गेल्यावर विघटित होऊन तिथला आंबटपणा वाढवतात आणि त्या जिवाणूची सगळी शक्ती आतले आम्ल बाहेर ढकलण्यातच खर्ची पडते. याखेरीज काही लॅक्टिक जिवाणू बॅक्टेरिओसिन नावाची छोटी प्रथिने सोडतात, जी ठरावीक जंतूंना थेट मारतात. आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांनी २००७ साली दाखवले, की माणसाच्या आतड्यातून मिळवलेला लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हेरियसचा एक वाण उंदरांना लिस्टेरियाच्या बाधेपासून वाचवतो, परंतु त्याची बॅक्टेरिओसिन तयार करण्याची क्षमता काढून घेतली की हे संरक्षणही नाहीसे होते.

बशीतले कडे म्हणजे आतडे नव्हे, हे मात्र विसरून चालणार नाही. ताकासोबत गेलेले आम्ल लहान आतड्याच्या सुरुवातीलाच तिथल्या क्षारयुक्त पाचकरसामुळे निष्प्रभ होते. म्हणून खरा प्रश्न असा आहे, की जिवाणू जिवंतपणी आतड्यापर्यंत पोहोचून तिथे नव्याने आम्ल तयार करतात का? या बाबतीत २०१८ साली अमेरिकेत जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने केलेला प्रयोग आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. त्यांनी उंदरांच्या पिल्लांना कॉलऱ्याचे जंतू देताना सोबत लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा जिवाणू जिवंत स्वरूपात दिला, तेव्हा पिल्ले वाचण्याचे प्रमाण वाढले, आणि कॉलऱ्याच्या जंतूला रोखण्याचे काम प्रामुख्याने लॅक्टिक आम्लाने केलेले आढळले. लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा आपल्या घरच्या विरजणातही नेहमी सापडणारा जिवाणू आहे. अर्थात उंदरात दिसले ते माणसात तसेच दिसेल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

जठरातल्या आम्लाविषयीची आपली शंका रास्त आहे. दह्यातले बरेचसे जिवाणू तिथे मरतात. परंतु जेवणानंतर जठरातले आम्ल अन्नामुळे सौम्य झालेले असते, शिवाय दुधातली प्रथिने जिवाणूंना काही काळ आडोसा देतात. त्यामुळे ताक जेवणाच्या शेवटी घेण्याची आपली रीत जिवाणूंच्या दृष्टीनेही सोयीची आहे. जे जिवाणू पोहोचतात ते तिथे कायमचे घर करत नाहीत. इल्या मेचनिकॉव्ह या नोबेल पुरस्कारप्राप्त शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी आंबट दुधाचा जोरदार पुरस्कार केला, तेव्हा बल्गेरियन दह्यातला जिवाणू आतड्यात वस्ती करील असे त्याला वाटत होते. तसे होत नाही, हे पुढे लक्षात आले. हे जिवाणू वाटसरूंसारखे येतात, काही दिवस राहतात, जाता जाता काम करतात आणि निघून जातात. म्हणून महिन्यातून एकदा घागरभर ताक पिण्यापेक्षा रोजची वाटी महत्त्वाची.

माणसांतला पुरावा किती आहे? कोलकात्यातल्या वस्तीत एक ते पाच वर्षे वयाच्या ३,७५८ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात काही मुलांना बारा आठवडे रोज लॅक्टोबॅसिलस केसीआयचा शिरोता वाण असलेले पेय दिले आणि इतरांना तसेच, पण जिवाणू नसलेले पेय दिले. पहिल्या गटात जुलाबाचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी भरले. एका मुलापुरते पाहिले तर हा फरक लहान आहे, परंतु जिथे जुलाब हा दर पावसाळ्याचा पाहुणा आहे अशा वस्तीत तो लहान म्हणता येत नाही. मात्र स्वच्छ पाणी, साबणाने धुतलेले हात आणि बाळाला दिलेली रोटाव्हायरसची लस यांच्या जागी ताकाची वाटी ठेवता येईल, असा याचा अर्थ कोणीही काढू नये.

प्रश्न : आमच्या घरी आठवड्यातून दोनदा इडली, एकदा ढोकळा आणि उन्हाळ्यात आंबील होते. लोणचे तर रोजच असते. हे सगळे आंबवलेलेच आहे, मग वेगळे दही कशाला हवे? — एक गृहिणी, नाशिक

उत्तर : आंबवलेला पदार्थ आणि जिवंत जिवाणू असलेला पदार्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इडलीचे पीठ फुगून वर येते ते मुख्यतः ल्युकोनॉस्टॉक जिवाणूंनी सोडलेल्या वायूमुळे. डावाने पीठ उकरले की खाली दिसणारी जाळी आणि नाकाला येणारा आंबूस वास हे दोन्ही या जिवाणूंचेच काम. परंतु पात्रात दहा-बारा मिनिटे वाफवल्यावर त्यांतला एकही शिल्लक राहत नाही. ढोकळ्याचे तेच, डोशाचे तेच आणि गोव्यातल्या माडी (सूर) घालून फुगवलेल्या, इडलीसारख्या सान्नांचेही तेच. कढीसाठी ताक उकळले की त्यातलेही जिवाणू संपतात. याचा अर्थ हे पदार्थ वाया गेले असा मुळीच नाही. आंबवताना डाळी आणि धान्यांतील फायटेट (खनिजे बांधून ठेवणारा घटक) कमी होऊन लोह, जस्त अंगी लागायला मदत होते, आणि पिठाचा आंबटपणा वाढल्याने ते ठेवलेले असताना त्यात रोगजंतूंची वाढ होणे अवघड जाते. हे फायदे शिजवल्यानंतरही राहतात. फक्त त्यांना प्रोबायोटिक म्हणता येत नाही, कारण त्या शब्दाच्या मान्य व्याख्येत ‘जिवंत’ आणि ‘पुरेशा प्रमाणात’ या दोन्ही अटी आहेत.

आपण आंबिलीचा उल्लेख केला, याचा मला विशेष आनंद झाला. टांझानियात ज्वारी, मका किंवा नाचणीची ‘तोग्वा’ नावाची पातळ लापशी करतात. तिची आणि आपल्या आंबिलीची चव पुष्कळशी मिळतीजुळती असावी. पण त्यांची पद्धत उलटी आहे. ते लापशी आधी शिजवतात, गार करतात, मग मोड आलेल्या धान्याचे पीठ आणि आधीच्या तोग्व्याचे विरजण घालून आंबवतात आणि न उकळता पितात. त्यामुळे जिवाणू जिवंत राहतात. अशी लापशी घेणाऱ्या लहान मुलांच्या शौचात रोगकारक जिवाणू कमी वेळा सापडले, असे तेथील अभ्यासांत नव्वदच्या दशकात दिसून आले. आपल्याकडे पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवतात, म्हणजे रात्रभराची मेहनत चुलीवर संपते. यावर उपाय सोपा आहे आणि अनेक घरांत तो आधीपासून चालत आलेलाही आहे. आंबील शिजवून पूर्ण गार झाल्यावर, वरून ताजे ताक, मीठ आणि ठेचलेला लसूण घालून ढवळावी. त्या वरच्या ताकातले जिवाणू जिवंतच राहतात.

लोणच्याविषयी थोडक्यात सांगतो. आपले कैरीचे लोणचे मीठ, मोहरी आणि तेल यांच्या बळावर टिकते. ते खऱ्या अर्थाने आंबत नाही, आणि त्यातले मीठ पाहता जिवाणूंसाठी ते जास्त खाण्याचा सल्ला मी देणार नाही. गाजराची पाण्यातली कांजी हा मात्र आंबणारा आणि न शिजवता घेतला जाणारा पदार्थ आहे. तेव्हा इडली, ढोकळा आनंदाने खावा, पण दही किंवा ताक सोडू नये.

प्रश्न : आमचे बाळ पंधरा दिवसांचे आहे. ओडिशात नवजात बालकांना चांगले जिवाणू देऊन जंतुसंसर्ग टाळला, असे वाचले. आमच्या घरातील ज्येष्ठ मंडळी बाळाला मध चाटवावा आणि बोटभर ताक लावावे असे म्हणत आहेत. काय करावे? — एक वडील, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मध चाटवू नये आणि ताकही लावू नये. बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. घरातील मोठ्यांचा हेतू प्रेमाचाच आहे, म्हणून त्यांना कारण समजावून सांगता यावे यासाठी थोडे विस्ताराने लिहितो.

मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे सुप्त बीजाणू असू शकतात. आपण मध खातो तेव्हा आतड्यातली भरगच्च वस्ती त्यांना उगवू देत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून जमलेली नसते. तिथे हे बीजाणू रुजतात, विष तयार करतात, आणि बाळ मलूल होऊन त्याचे स्नायू लुळे पडू लागतात, वेळप्रसंगी श्वासही अडतो. पहिल्या उत्तरात उंदरांविषयी जे सांगितले, तेच येथे माणसाच्या बाळात घडते. हा आजार विरळा असला तरी एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध देऊ नये, हा नियम पक्का आहे.

ओडिशातील अभ्यास खरा आहे आणि महत्त्वाचा आहे. पिनाकी पाणिग्रही यांच्या नेतृत्वाखाली ग्रामीण भागातील ४,५५६ नवजात बालकांवर तो झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक विशिष्ट वाण, त्या जिवाणूला पोषक अशा शर्करेसह, सात दिवस देण्यात आला. रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण, औषध न मिळालेल्या गटात ९ टक्के होते, ते औषध मिळालेल्या गटात ५.४ टक्क्यांवर आले. ही जिवाणूची जात इडलीच्या पिठात आणि आंबवलेल्या भाज्यांत सर्रास सापडते, म्हणून ‘मग घरचेच का नको’ असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु त्या अभ्यासात वापरला तो निवडून पारखलेला एकच वाण होता, तो शुद्ध स्वरूपात, मोजलेल्या मात्रेत दिला होता, आणि घेतलेली बाळे दोन किलोंहून अधिक वजनाची, अंगावर पिणारी होती. वाटीतल्या ताकात कोणते जिवाणू आहेत, किती आहेत आणि पाण्यावाटे आणखी काय आले आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तर असे जिवाणू रक्तात उतरून गंभीर आजार झाल्याची उदाहरणे आहेत, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली तसा इशाराही दिला.

आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात, ज्या बाळ स्वतः पचवू शकत नाही. त्या बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूंचे खाद्य आहेत. म्हणजे बाळाची राखण करणाऱ्यांची शिदोरी दुधातूनच येते. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले, की घरी लावलेले ताजे दही चमचाभर देण्यास हरकत नाही.

प्रश्न : प्रतिजैविकांचा कोर्स सुरू आहे. डॉक्टरांनी सोबत जिवाणूंच्या कॅप्सूल दिल्या आहेत. त्या आवश्यक आहेत का, की दही पुरेसे आहे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रतिजैविके रोगजंतूंसोबत आतड्यातल्या वस्तीलाही मारतात, त्यामुळे अनेकांना जुलाब होतात, आणि रुग्णालयात दाखल असलेल्या वयस्कर रुग्णांत क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा चिवट जंतू उचल खातो. अशा जोखमीच्या रुग्णांत जिवाणूंच्या औषधांनी या जंतूमुळे होणाऱ्या जुलाबाचे प्रमाण निम्म्याहून खाली येते, असे अनेक चाचण्या एकत्र करून २०१७ साली काढलेला निष्कर्ष सांगतो. दुसरीकडे ब्रिटनमधील रुग्णालयांत ६५ वर्षांवरील २,९४१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांना तर २०१८ साली असे आढळले, की प्रतिजैविकांनंतर अनेक वाणांची जिवाणू-औषधे घेणाऱ्यांची मूळ वस्ती परत यायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ लागला. म्हणून सरसकट प्रत्येक कोर्ससोबत कॅप्सूल घ्यावी असे मला वाटत नाही. परंतु आपले वय, आजार आणि औषध पाहून आपल्या डॉक्टरांनी ती दिली असेल, तर ती घ्यावी आणि प्रतिजैविकाच्या गोळीपासून दोन तास अंतर ठेवावे. सॅकरोमायसीस बोलार्डी असे नाव असेल तर ते यीस्ट आहे. जिवाणूंवरच्या प्रतिजैविकाने ते मरत नाही.

दही खाण्यास हरकत नाही, पण एक काळजी घ्यावी. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे दह्यादुधातील कॅल्शियमला बांधली जातात आणि अंगात नीट शोषली जात नाहीत. ती घेताना दह्याची वेळ वेगळी ठेवावी. ज्यांची केमोथेरपी सुरू आहे, ज्यांच्या मोठ्या शिरेत नळी बसवलेली आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, त्यांनी जिवाणूंची कोणतीही पुडी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

प्रश्न : मुलाला जुलाब सुरू झाले की आम्ही दूध बंद करून ताक-भात देतो आणि औषधाच्या दुकानातून जिवाणूंची पुडी आणतो. हे बरोबर आहे ना? — एक आई, रत्नागिरी

उत्तर : ताक-भात चालेल. पुडीवर मात्र विसंबू नये. टाळणे आणि बरे करणे यांत फरक आहे. अमेरिका आणि कॅनडा येथे मुलांच्या तीव्र जुलाब-उलट्यांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्या २०१८ साली एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या, आणि दोन्हींत जिवाणूंची औषधे घेणारी व न घेणारी मुले सारख्याच काळात बरी झाली.

मुलाचा जीव वाचवते ती जलसंजीवनी. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ उसळली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे मोजून केलेले द्रावण पिंपांतून पाजून हजारो रुग्ण वाचवले. तेव्हा पहिल्याच पातळ शौचापासून ओआरएस सुरू करावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवावे. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी त्या मध्येच सोडू नयेत, कारण त्यांच्यामुळे पुढच्या काही महिन्यांतले जुलाबही कमी होतात. अंगावरचे दूध कधीही बंद करू नये. मीठ घातलेले पातळ ताक हे जुलाबात द्यायच्या घरगुती पेयांत जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केलेले आहे. आंबवताना दुधातली थोडी साखर खर्च होते आणि उरलेली पचवायला दह्यातले जिवाणू मदत करतात, म्हणून जुलाबानंतर दुधापेक्षा दही सोसते. शौचात रक्त दिसले, मूल पाणी पिईनासे झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा मूल गुंगीत जाऊ लागले, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : जानेवारी २०२५ मध्ये आमच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण आढळले. माझ्या शेजारच्यांना तो आजार झाला. आम्ही नियमित दही खाल्ले असते तर टळले असते का? — एक वाचक, पुणे

उत्तर : तसे म्हणायला आधार नाही, आणि आपल्या शेजाऱ्यांनी काही खायचे राहून गेले म्हणून हे घडले असे कृपया मानू नये. त्या वेळी रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला होता. काही शेकडा जंतूही त्याला बाधेसाठी पुरतात, आणि त्यानंतर क्वचित शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पाणी खळखळून उकळणे, कोंबडीचे मांस आतपर्यंत शिजवणे आणि कच्चे मांस कापलेली सुरी व पाट धुतल्याखेरीज कोशिंबिरीला न वापरणे, हेच त्यावरचे उपाय आहेत.

प्रश्न : प्रोबायोटिक पेयाच्या बाटलीवर काय पाहावे? — एक विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : तीन गोष्टी पाहाव्यात. जिवाणूचे नाव जातीपाशी न थांबता वाणापर्यंत दिलेले असावे, कारण एका वाणाचा गुण त्याच जातीच्या दुसऱ्या वाणात असेलच असे नाही. एका वेळच्या मात्रेत किती जिवंत जिवाणू आहेत तो आकडा दिलेला असावा, आणि तो किमान दहा कोटी असावा. ‘तयार करताना’ असलेला आकडा आणि मुदत संपेपर्यंत टिकणारा आकडा यांत मोठा फरक असतो, म्हणून मुदत आणि थंड ठेवण्याची सूचना वाचावी. २०२० साली लॅक्टोबॅसिलस या प्रजातीची फेरमांडणी होऊन बरीच नावे बदलली. त्यामुळे लॅक्टिप्लांटीबॅसिलस प्लांटारम असे लांबलचक नाव दिसले तर तो जुनाच ओळखीचा जिवाणू समजावा. साखरेचे प्रमाणही जरूर पाहावे.

प्रश्न : माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षांपूर्वी माहेरहून आणलेले विरजण आम्ही आजही चालवतो. त्यात तेच जिवाणू असतील का? विरजण चांगले राहावे म्हणून काय करावे? — एक वाचक, वाई

उत्तर : आपले पत्र वाचून फार बरे वाटले. विरजणाची परंपरा तीच असली तरी त्यातले जिवाणू सगळे तेच असण्याचा संभव कमी आहे. रोजच्या दुधातून, भांड्यातून, हवेतून नवे जिवाणू येतात आणि ऋतूनुसार त्यांचे प्रमाण बदलते. उन्हाळ्यात उष्णता सोसणारे स्ट्रेप्टोकॉकस आणि लॅक्टोबॅसिलस पुढे सरसावतात, म्हणून चार-पाच तासांत घट्ट आणि आंबट दही लागते. थंडीत लॅक्टोकॉकस आणि ल्युकोनॉस्टॉक यांना वाव मिळतो, दही सावकाश लागते, पण त्याला लोण्याचा मंद वास येतो. वाईच्या थंडीत आपण पातेले तांदळाच्या डब्यात किंवा गोधडीत गुंडाळून ठेवत असाल, तर ते योग्यच आहे. विरजण मोडले की हिरव्या मिरचीचे देठ दुधात टाकून नवे करण्याची जी रीत आहे, तीही देठावरच्या जिवाणूंच्या बळावरच चालते. पण त्यांच्याबरोबर नको असलेलेही येऊ शकतात, म्हणून पहिले एक-दोन दिवसांचे दही न खाता त्याचेच पुन्हा विरजण लावावे.

दूध खळखळून उकळावे आणि करंगळी सुखाने सोसेल इतके कोमट झाल्यावर विरजण लावावे. विरजणासाठी दही खाणे सुरू करण्यापूर्वीच, स्वच्छ कोरड्या चमच्याने मधला भाग काढून ठेवावा. दह्यात छिद्रे पडून ते फुगलेले दिसले, गुलाबी किंवा नारिंगी झाक आली, कडवट चव लागली किंवा बुरशी धरली, तर ते दही आणि ते विरजण, कितीही जुने असले तरी, टाकून द्यावे आणि ओळखीच्या घरून नवे आणावे. दही आंबट आहे म्हणून त्यात रोगजंतू मरतीलच असे समजू नये. १९९१ साली इंग्लंडच्या वायव्य भागात ई. कोलाय ओ१५७ या घातक जंतूची साथ दह्यातूनच पसरली होती. आपल्याकडे अधिक धोका ताकाच्या पाण्याचा असतो. दूध उकळलेले असते, दही नीट लागलेले असते, आणि घुसळताना थेट नळाचे किंवा विहिरीचे पाणी ओतले जाते, वर बाजारचा बर्फ पडतो. पावसाळ्यात ताकासाठी उकळून गार केलेल्या पाण्याची वेगळी कळशी भरून झाकून ठेवावी, आणि ताक गार हवे असेल तर बर्फ न घालता दहीच आदल्या रात्री शीतकपाटात ठेवावे.